समस्त मित्रमंडळाची जाहिरात

येत्या 26 ऑक्टोबर 2026 ला, सोमवारी, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात गावोगावी महापौर आणि नगरसेवक निवडले जातील. उमेदवारांच्या खर्चाचे नियम बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतात. पण जो उमेदवार नाही, उमेदवाराचा एजंटही नाही आणि तरी पदरचे पैसे घालून कुणाची तरी जाहिरात करायला निघालाय, त्याच्यासाठीही नियम आहेत. इथला नगरपालिका निवडणुकीचा कायदा त्याला थर्ड पार्टी म्हणतो. 2016 च्या दुरुस्तीने हे कलम आलं आणि 2018 च्या निवडणुकीत पहिल्यांदा लागू झालं. माझा धंदा हिशेब लिहिण्याचा. गेल्या दोन निवडणुकांत अशांची पुस्तकं माझ्या टेबलावर आली होती, म्हणून संपादकांनी या विषयाची पत्रं माझ्याकडे सरकवली आहेत.

ताई, आम्ही गणपतीत ढोल वाजवणारे पंधरा-वीस मित्र आहोत. आमच्या वॉर्डात एक मराठी उमेदवार उभा आहे. प्रत्येकी शंभर डॉलर काढून मोठा फ्लेक्स आणि पेपरात पानभर जाहिरात द्यायची आहे. खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ’. त्याला काही परवानगी लागते का?
— ब्रॅम्प्टनचा एक वाचक

परवानगी नाही, नोंदणी लागते. आणि ‘समस्त मित्रमंडळ’ या नावाने ती होतच नाही.

उमेदवाराला पाठिंबा देणारी, त्याचा प्रचार करणारी किंवा त्याला विरोध करणारी जाहिरात तुम्ही पैसे खर्चून केलीत, मग ती कुठल्याही माध्यमात असो, की ती थर्ड पार्टीची जाहिरात झाली. ती करायची तर आधी नोंदणी. नोंदणी तीनच प्रकारच्यांना करता येते : ऑन्टॅरिओत राहणारी व्यक्ती, ऑन्टॅरिओत व्यवसाय करणारं कॉर्पोरेशन आणि इथली कामगार युनियन. बाकी गट, मंडळ, समिती, कट्टा यांना नोंदणीही नाही आणि खर्चही करता येत नाही. सांगलीच्या चौकात चाळीस फोटो आणि खाली ‘समस्त’ लिहून भागतं. इथे ‘समस्त’ला पत्ता नसतो, आणि कायद्याला नेमका पत्ताच हवा असतो.

मग काय करायचं? तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या नावाने नोंदणी करायची. जो कागदपत्रं सांभाळतो तो निवडा, जो सगळ्यात जोरात ढोल वाजवतो तो नको. सिटी क्लार्कच्या, म्हणजे निवडणूक सांभाळणाऱ्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात फॉर्म 7 भरायचा, ओळखपत्र दाखवायचं. फी नाही. नोंदणी 1 मेपासून मतदानाच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत चालू असते. नोंदणी झाल्यावरच जाहिरातीवर पहिला डॉलर खर्च करा.

बाकीचे मित्र त्याला देणगी देतील. एका माणसाने एका थर्ड पार्टीला जास्तीत जास्त 1,200 डॉलर द्यायचे. एकाच गावात अनेक थर्ड पार्ट्यांना द्यायचे असतील तर सगळे मिळून 5,000. तुमचे शंभर-शंभर आरामात बसतात. पण रोख 25 डॉलरपर्यंतच. त्यापुढे चेक, कार्ड किंवा ई-ट्रान्सफर, म्हणजे देणाऱ्याचं नाव दिसेल असं काहीतरी. रिहर्सलला टोपी फिरवून विसाच्या नोटांचा गठ्ठा करू नका, महिन्याभराने कुणाचे किती हे तुम्हालाच सांगता येणार नाही. प्रचारासाठी वेगळं बँक खातं उघडा. गणपतीच्या वर्गणीचं खातं त्यात मुळीच आणू नका. प्रत्येक देणगीची पावती फाडा.

जाहिरातीवर तीन गोष्टी छापायच्याच : नोंदणी केलेल्याचं नाव, कुठल्या गावात नोंदणी आहे ते, आणि संपर्कासाठी फोन, पत्ता किंवा ईमेल यांपैकी एक. मजकूर मराठीत ठेवा, हरकत नाही; पण नाव नोंदणीत जसं आहे तसं इंग्रजीतही छापा. तक्रार आली तर ती तपासणारा माणूस देवनागरी वाचणारा असेलच असं नाही. फ्लेक्सवर ही ओळ कोपऱ्यात, मोदकाच्या चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दडपू नका. आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस नावं टाकायचा मोह होईल. टाका हवी तर, पण नोंदणीवाल्याचं नाव त्यात हरवता कामा नये.

आमचं मंडळ इन्कॉर्पोरेटेड आहे आणि चॅरिटी म्हणून रजिस्टरही आहे. म्हणजे आम्ही कॉर्पोरेशन झालो ना? मग आम्हाला नोंदणी करता येईल?
— एका मंडळाच्या खजिनदार, मिसिसॉगा

निवडणुकीचा कायदा एक वेळ हो म्हणेल, पण आयकराचा कायदा तुम्हाला पकडेल. रजिस्टर्ड चॅरिटीला कुठल्याही उमेदवाराला प्रत्यक्ष किंवा आडून पाठिंबा देता येत नाही, विरोधही करता येत नाही. नगरसेवकाची निवडणूकही त्यात आली. चॅरिटीचा दर्जा गेला तर देणगीच्या कर-पावत्या देणं बंद होईल, आणि दिवाळीच्या कार्यक्रमाचं बजेट कशावर उभं असतं ते खजिनदारबाईंना मी सांगायला नको.

सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करा, तो चालतो. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, ज्याचं आडनाव उच्चारता येत नाही त्यालाही. सभासदांना मतदान केंद्र कुठे आहे, यादीत नाव कसं बघायचं हे कळवा. पण मंडळाच्या ईमेलवरून ‘आपल्या माणसाला मत द्या’ असं जाऊ देऊ नका.

अध्यक्ष म्हणतील, मी वैयक्तिक पाठिंबा देतो. जरूर द्यावा, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून. मंडळाच्या व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेताना नाही.

मी स्टडी परमिटवर आहे. मला मत देता येत नाही, मग हे सगळं माझ्यासाठी नाहीच ना? आणि पुण्याचे माझे काका इथल्या उमेदवारासाठी पाचशे डॉलर पाठवायचे म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, वॉटरलू

मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागतं. थर्ड पार्टी म्हणून नोंदणी करायला किंवा देणगी द्यायला मात्र ‘ऑन्टॅरिओत सर्वसाधारणपणे राहणारी व्यक्ती’ एवढीच अट आहे. नागरिकत्वाचा उल्लेख नाही. तुम्ही इथे राहता, म्हणजे तुमच्यासाठी हे आहे. आपल्यातल्या कित्येकांना ही गोष्ट ठाऊकच नसते आणि कॅनडाचा पासपोर्ट हातात येईपर्यंत ते निवडणुकीकडे पाहुण्यासारखे बघत बसतात.

काकांचे पैसे मात्र नाहीत. ते पुण्यात राहतात, विषय संपला. त्यांनी तुम्हाला पाठवायचे आणि तुम्ही तुमच्या नावाने द्यायचे, हा मार्ग तुमच्या मनात आला असेलच. तोही बंद आहे. देणगी देणाऱ्याने स्वतःच्या मालकीचा पैसा द्यायचा असतो. काकांना म्हणावं, फीचे पाठवा.

व्हॉट्सॲपवर मी रोज आमच्या नगरसेविकेविरुद्ध लिहिते. बर्फ काढत नाहीत, फोन उचलत नाहीत, सगळं. आता माझी नोंदणी करायची का?
— एक गृहिणी, मिल्टन

नाही. पैसे खर्च झाले नाहीत तर ती जाहिरात नाही, ते मत आहे. घरोघर फिरून सांगा, फेसबुकवर लिहा, बसस्टॉपवर भांडा. फक्त खोटं लिहू नका, बदनामीचा कायदा वेगळा आहे.

रेषा कुठे ओलांडली जाते ते सांगते. फेसबुकवर तुम्ही तीच पोस्ट लिहिलीत आणि खाली ते ‘बूस्ट’चं निळं बटण दाबून चाळीस डॉलर भरलेत, तर तुम्ही खर्च केलात. आता ती उमेदवाराला विरोध करणारी जाहिरात आहे आणि तुमची नोंदणी हवी. चाळीस डॉलर किरकोळ आहेत असं वाटेल. कायद्यात ‘अमुक रकमेपर्यंत माफ’ अशी ओळ नाही. माझ्या मते ती असायला हवी होती. शंभर डॉलरच्या आत खर्च करणाऱ्या माणसाला फॉर्म, खातं, हिशेब यातून फिरवण्यात कुणाचंच भलं नाही. पण आज ती नाही, तेव्हा बटणापासून बोट लांब ठेवा.

अंगणात उमेदवाराने दिलेली पाटी लावली तर? ती त्याची पाटी, त्याचा खर्च. तुम्ही फक्त जागा दिली. नोंदणी लागत नाही.

माझा सख्खा आतेभाऊ उभा आहे. त्याने मला पॅम्फ्लेटचं डिझाइन पाठवलं, कुठल्या गल्ल्यांत टाकायचं तेही सांगितलं आणि म्हणाला, ‘दादा, छपाई तू तुझ्या नावावर कर, माझी मर्यादा भरत आलीये.’ नोंदणी करून छापून टाकू का?
— एक वाचक, स्कारबरो

नका. हे पत्र तुम्ही मला पाठवलंत ते बरं झालं, दुसऱ्या कुणाला पाठवू नका.

थर्ड पार्टी उमेदवारापासून स्वतंत्र असली पाहिजे, ही या कलमाची मुळातली अट आहे. डिझाइन त्याचं, गल्ल्या त्याने निवडलेल्या, फक्त बिल तुमचं, म्हणजे ती त्याचीच जाहिरात आहे. तुम्ही जे भरलंत ती त्याला वस्तुरूपात दिलेली देणगी ठरते. त्यावर एका उमेदवाराला 1,200 डॉलरची मर्यादा आहे (टोरॉन्टोच्या महापौरपदासाठी 2,500), आणि ती रक्कम त्याने स्वतःच्या खर्चात दाखवायची. त्याची मर्यादा भरत आली असेल तर त्याने हात आखडता घ्यायचा. दुसऱ्याच्या खिशातून खर्च करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हे होऊ नये म्हणूनच तर कायदा आहे.

भावाला मदत करायची तर संध्याकाळी त्याच्याबरोबर दारं ठोठवा. फुकट केलेली मेहनत देणगीत धरत नाहीत.

आमच्या पार्कमधली क्रिकेटची पिच उखडून तिथे पार्किंग करायचं चाललंय. आम्ही ‘पिच वाचवा’ अशा पाट्या आणि पत्रकं छापली. एक उमेदवार आमच्या बाजूने बोलतो. आता कुणीतरी म्हणतं, नोंदणी नाही म्हणून तुमच्यावर तक्रार करू.
— क्रिकेटवेडा, मार्कम

करू देत. मुद्द्याची जाहिरात ही थर्ड पार्टीची जाहिरात नव्हे. ‘पिच वाचवा’ ही मागणी एखाद्या उमेदवाराने आपल्या प्रचारात घेतली तरी ती तुमची मागणीच राहते. त्यासाठी नोंदणी नको आणि खर्चाला मर्यादाही नाही.

फक्त पत्रकाचा मजकूर मला दिसतो तसा तुम्हीही बघा. तुम्ही पाठवलेल्या पत्रकाची पहिली बाजू स्वच्छ आहे : पिचचा फोटो, कौन्सिलच्या बैठकीची तारीख, ‘आपलं म्हणणं मांडायला या’. मागच्या बाजूला, अगदी खाली, कुणीतरी उत्साहाने ओळ घातली आहे : ‘26 ऑक्टोबरला पिच उखडणाऱ्याला घरी बसवा’, आणि शेजारी नगरसेवकाचा फोटो. नाव छापलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. चेहरा नावापेक्षा जास्त बोलतो. ती ओळ आणि तो फोटो काढून उरलेली पत्रकं पुन्हा छापा.

माझा टिफिनचा व्यवसाय आहे. एका उमेदवाराला मदत करायची आहे. कंपनीच्या नावाने चेक दिला तर चालेल?
— एक उद्योजिका, ओकव्हिल

उमेदवाराला नाही. 2016 च्या दुरुस्तीने कंपन्या आणि युनियन यांच्याकडून उमेदवाराने देणगी घेणं बंद झालं. तुम्ही स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने द्या.

पण तुमची कंपनी इन्कॉर्पोरेटेड असेल तर ती थर्ड पार्टीला 1,200 पर्यंत देऊ शकते, किंवा स्वतःच थर्ड पार्टी होऊ शकते. खर्चाची मर्यादा अशी : 5,000 डॉलर, अधिक त्या गावातल्या दर मतदारामागे 5 सेंट, आणि काही झालं तरी 25,000 च्या वर नाही. समजा गावात 80,000 मतदार आहेत, तर 5,000 अधिक 4,000, म्हणजे 9,000 डॉलर. चार लाख मतदारांचं शहर असेल तर थेट 25,000. दोन गावांत जाहिरात करायची तर दोन्हीकडे वेगळी नोंदणी, दोन्हीकडची मर्यादा वेगळी.

म्हणजे बघा, ज्या कंपनीला उमेदवाराला एक डॉलर देता येत नाही, तिला त्याच उमेदवारासाठी ‘स्वतंत्रपणे’ हजारो डॉलर खर्च करता येतात. पुढचं दार लावून खिडकी उघडी ठेवलेली आहे. नाव छापावं लागतं आणि हिशेब जाहीर होतो, एवढाच काय तो फरक. बिल्डर मंडळींना ही खिडकी तुमच्या-माझ्या आधी दिसलेली असते.

व्यवसाय इन्कॉर्पोरेटेड नसेल, नुसतं धंद्याचं नाव असेल, तर त्या नावाने काहीच करता येणार नाही. स्वतःच्या नावाने नोंदणी करा.

आपल्या अंकात एका उमेदवाराला अर्धं पान फुकट द्यायचा विचार आहे. आपलाच माणूस आहे.
— संपादक (हो, आपलेच)

संपादक महाराज, नेहमी पैसे घेऊन विकतो ती जागा फुकट दिली तर ती वस्तुरूपात देणगी झाली, आणि उमेदवाराला देणगी फक्त व्यक्ती देऊ शकते, मासिक नाही. निम्म्या दरात दिलीत तरी उरलेला निम्मा दर देणगीच. दरपत्रकाप्रमाणे पैसे घ्या, बिल द्या. उमेदवार कुठलाही असो, दर तोच.

थर्ड पार्टीची जाहिरात आली तर जाहिरातदाराचं नाव, नोंदणीचं गाव आणि त्याच्या वतीने जागा विकत घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या. ही माहिती जाहिरात छापल्यापासून चार वर्षं जपून ठेवायची आहे. तुमच्या तळघरातल्या त्या ओल्या खोक्यात नको.

हा सरळसरळ तोंड दाबण्याचा प्रकार नाही का? पैसा माझा, मत माझं, सरकारचा काय संबंध?
— एक संतप्त वाचक, लंडन (ऑन्टॅरिओ)

तुमच्या आधी हा प्रश्न स्टीफन हार्पर यांनी विचारला होता. पंतप्रधान होण्याआधी ते नॅशनल सिटिझन्स कोअलिशन या संस्थेचे प्रमुख होते आणि त्यांनी केंद्रीय निवडणुकीतल्या थर्ड पार्टी खर्चाच्या मर्यादेला आव्हान दिलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली. बहुमताचं म्हणणं असं की ज्यांच्याकडे पैसा जास्त त्यांनीच सगळी जागा व्यापली तर बाकीच्यांचा आवाज मतदारापर्यंत पोचतच नाही. पुढे 2006 मध्ये हार्पर पंतप्रधान झाले आणि खटल्याला त्यांचंच नाव चिकटून राहिलं.

याचा अर्थ कुठलीही मर्यादा चालते असं नाही. ऑन्टॅरिओच्या प्रांतिक निवडणुकीसाठी सरकारने थर्ड पार्टीला निवडणुकीआधीच्या बारा महिन्यांत 6,00,000 डॉलरची मर्यादा घातली होती. राजकीय पक्षांवर मर्यादा होती ती फक्त शेवटच्या सहा महिन्यांची. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम रद्द केलं. तुमचा राग अगदीच अनाठायी नाही, पण नगरपालिकेच्या नियमांत मला तो भेदभाव दिसत नाही.

मी सांगलीहून लिहितोय. बहीण तुमचा अंक पाठवते. आमच्याकडे असा काही कायदा आहे का, की फ्लेक्सवाल्यांना रान मोकळं?
— एक भाऊ

आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 176. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा दुसरा कुठलाही खर्च केला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंडविधानात हेच 171-एच होतं आणि दंड 500 रुपयांपर्यंत. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली तेव्हा दंड वाढला, पण एक गंमत तशीच राहिली : खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी आणली तर माफ. दहा रुपयांत आज कटिंग मिळते का ते तुम्हीच सांगा.

फरक लक्षात घ्या. इथे उमेदवारापासून लांब राहून खर्च करायचा, तिकडे उमेदवाराला विचारून करायचा. आणि तिकडचं कलम उमेदवाराला निवडून आणण्यासाठीच्या खर्चाबद्दल बोलतं. एखाद्याला नुसतं पाडण्यासाठी छापलेल्या फ्लेक्सबद्दल त्यात शब्द नाही. वकील असाल तर विचार करा.

मतदान झाल्यावर सुटलो ना?
— तोच ब्रॅम्प्टनचा ढोलवाला, दुसरं पत्र

नाही हो. फॉर्म 8 वर सगळा हिशेब मार्चअखेर क्लार्ककडे द्यायचा. उशीर झाला तर 500 डॉलर भरून 30 दिवसांची सवलत मिळते. त्यानंतरही दिला नाहीत तर पुढच्या निवडणुकीत नोंदणी बंद. जमा किंवा खर्च 10,000 च्या वर गेला तर ऑडिटरचा अहवाल जोडायचा. 100 डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं त्यात येतात आणि हिशेब कुणालाही बघता येतो, म्हणजे कुणी किती ‘शुभेच्छा’ दिल्या ते गावाला कळतं. तुमचे शंभर-शंभरवाले थोडक्यात वाचले. शंका आली तर कुठलाही मतदार तपासणीची मागणी करू शकतो. नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर व्यक्तीला 25,000 डॉलरपर्यंत दंड, कॉर्पोरेशन किंवा युनियनला 50,000 पर्यंत.

शिल्लक राहिली तर ती क्लार्ककडे जमा होते. ‘उरलेल्यातून पुढच्या वर्षी नवे ढोल घेऊ’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी खोडलं आहे.

निकालानंतर आभाराची पार्टी करता येते, खर्चाच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे मर्यादा 9,000 असेल तर 900 डॉलर. त्यात समोसे आणि चहा बसतो. बँक्वेट हॉल धरायचा विचार असेल तर आधी हॉलवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या आणि मला पाठवा.